घरची गाडी, भाग ९ : जुन्या इंजिनाला जाड ऑइल लागतं का?

रेडिएटरवरचा मागचा भाग वाचून ढाणकीच्या एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. घरी २००४ सालची मारुती ८०० आहे, किलोमीटर लाखाच्या वर गेले आहेत. गॅरेजमधला मिस्त्री म्हणतो, ‘गाडी जुनी झाली न भाऊ, आता जाडंच ऑइल टाका.’ दुकानदार एका ठरावीक कंपनीचाच डबा पुढे करतो. ऐकायचं कोणाचं?

दोघांच्याही आधी गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेचं. ती हरवली असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाकडून मागून आणा, पण वाचा. तिच्यात ऑइलचा ग्रेड दिलेला असतो आणि बहुतेक जुन्या पुस्तिकांत बाहेरच्या तापमानाप्रमाणे कोणता ग्रेड चालेल याचा तक्ताही असतो. ऑइल निवडण्याचं निम्मं काम त्या एका पानात होतं.

आता डब्यावरचा आकडा. २०डब्ल्यू-४० यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. ही मोजपट्टी अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची. तिची सुरुवात १९११ सालची. २०डब्ल्यूची थंडीची चाचणी शून्याच्या खाली १५ आणि २० अंशांवर होते. ढाणकीत डिसेंबरच्या पहाटे शेकोटी पेटते हे खरं, पण पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून केवळ थंडीसाठी ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचं महागडं सिंथेटिक ऑइल घेण्याची गरज इथल्या जुन्या गाडीला नाही. नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांची इंजिनंच पातळ ऑइल धरून बनवलेली असतात, तिथे कंपनीचा आकडा बदलू नये.

मग मे महिन्यातल्या ४३-४४ अंशांचं काय? विदर्भात हा प्रश्न हमखास येतो. पण इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून कूलंट ८०-९० अंशांच्या आसपास राखतात, मग बाहेर जानेवारी असो की मे. ऑइल साधारण त्याच्या थोडं वर असतं. खरा ताण पडतो तो भरल्या गाडीने, भर दुपारी, एसी लावून नागपूर-तुळजापूर महामार्गावर तासन्‌तास पळताना. अशा वापरासाठीसुद्धा दुसरा आकडा ४० असलेलं ऑइल पुरेसं आहे, रेडिएटर मात्र धड हवा.

मिस्त्रीच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते, डोक्याच्या केसाहूनही बारीक. त्या फटीत ऑइलचा पातळ थर तयार होतो आणि लोखंड लोखंडाला लागत नाही. गाडी झिजली की फट वाढते, ऑइलचा दाब उतरतो, आणि जाड ऑइल टाकलं की दाब पुन्हा चढलेला दिसतो. पण सकाळी गाडी सुरू केल्यावर तेच जाड ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज या सुरुवातीच्या क्षणांतच होते. मायलेजही थोडं घटतं. झिजलेल्या रिंगा जाड ऑइलने भरून येत नाहीत. धूर काही दिवस दबतो, एवढंच.

म्हणून आधी मोजा. सकाळी गाडी सपाट जागी, इंजिन गार असताना पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून पातळी पाहा आणि लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच करा. पातळी फारशी उतरली नसेल, तर गाडीचं वय काहीही असो, पुस्तिकेतला ग्रेड सोडू नका. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त कमी झालं आणि कुठे गळती दिसत नसेल, तर तक्त्यात बसत असल्यास एक पायरी वर जा, २०डब्ल्यू-४० वरून २०डब्ल्यू-५० वर. धुराकडेही लक्ष असू द्या. फक्त सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं गेलेली असतात, आणि ते काम तुलनेने स्वस्तात होतं. चढावर किंवा वेग घेताना निळा धूर सुटत असेल तर रिंगा आणि बोअर तपासून घ्या.

आता कंपनी. सर्व्हो इंडियन ऑइलचं, मॅक भारत पेट्रोलियमचं, शिवाय एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, व्हीडॉल आहेतच. यांतलं कोणतंही चालेल, हा माझा स्पष्ट कौल. नावापेक्षा डब्याच्या मागची एपीआयची अक्षरं महत्त्वाची. ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. पेट्रोलच्या बाबतीत पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितका दर्जा नवा, आणि पुस्तिकेत एसएफ लिहिलेल्या गाडीला आजचं एसएन बिनधास्त चालतं. डबा सीलबंद आहे ना, ते पाहून आणि पावती घेऊनच आणा. सुटं ऑइल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

गावात आणखी एक सवय आहे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बादलीतलं उरलेलं ऑइल कारमध्ये ओततात. त्या बादलीवर ‘सी’बरोबर ‘एस’ची अक्षरंही असतील तर अडलंनडलं चालून जाईल. पण ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल इंजिनात थेंबभरही जाता कामा नये.

ज्या गाडीचा प्रवास आठवडी बाजार, दवाखाना आणि शेत एवढाच आहे, तिचे किलोमीटर वर्षभरात भरतच नाहीत. मालकाला वाटतं, ऑइल अजून ताजंच आहे. पण थोडं थोडं चालणारं इंजिन नीट तापत नाही. त्यातली वाफ उडून जात नाही, कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि चेंबरमध्ये काळा चिखल साचतो. म्हणून साधं मिनरल ऑइल पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदला, आणि सोबत फिल्टरही. नव्या ऑइलला जुना फिल्टर ठेवून वाचवलेले पैसे मला कधीच पटलेले नाहीत.

काढलेलं जळकं ऑइल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका. आपल्याकडचे नाले शेवटी पैनगंगेलाच जाऊन मिळतात. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजला परत द्या, आणि रिकामा डबा भंगारात टाकण्याआधी त्याला भोक पाडा, म्हणजे त्यात कोणी भेसळीचं ऑइल भरून विकणार नाही.