हरवलेल्या तुकड्याचा माग

परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करत होत्या. पुण्यात, हुजूरपागेत शिकलेल्या या शास्त्रज्ञ. या आजाराचा आनुवंशिकतेशी संबंध आहे हे ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचं नाव घेतलं जातं. पण दोष नेमक्या कुठल्या जनुकात, हे सांगणारी साधनं तेव्हा नव्हती.

पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांना ‘ट्यूमर सप्रेसर’ म्हणतात. अशा जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी सहसा काम भागवते. दोन्ही निकामी झाल्या की गाठीची वाट मोकळी होते. डोळ्यांच्या एका बालकर्करोगावरून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं.

मग अशी जनुकं शोधायची कशी? एकाच रुग्णाचं रक्त आणि गाठ शेजारी ठेवून. रक्तात दोन्ही प्रती दिसतात; गाठीत अनेकदा एका प्रतीचा तुकडाच गळालेला असतो.

गुणसूत्र म्हणजे कल्याण-कसारा रेल्वेमार्ग समजा; त्यावर ओळीने कल्याण, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, कसारा. एका गाठीत कल्याण ते वासिंद गायब, दुसरीत खडवली ते कसारा, तिसरीत टिटवाळा ते आसनगाव. तिन्हींत गायब आहे तो पट्टा खडवली ते वासिंद. जनुक तिथे शोधायचं.

दुसरा मार्ग घराण्यांचा. मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांतल्या पिढ्या तपासल्या. स्तनाच्या कर्करोगासोबत गुणसूत्राचा कोणता भाग पुढच्या पिढीत उतरतो, ते पाहत त्या १९९० मध्ये १७व्या गुणसूत्राच्या एका भागापर्यंत पोहोचल्या. त्या भागातलं बीआरसीए-१ जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या युटामध्ये. १३व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये सापडलं.

रणदिवे यांच्या संस्थेचा वारसा आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या या संस्थेत आनुवंशिक कर्करोगावर काम चालतं.

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरांतल्या साधारण पाच ते दहा रुग्णांमध्येच असा वारशाने आलेला दोष असतो. दोष आहे म्हणजे कर्करोग होणारच, असंही नाही. धोका मात्र बराच वाढतो. घरात आधीच कुणी रुग्ण असेल, तर शक्यतो त्याच व्यक्तीची जनुकीय चाचणी आधी करतात. दोष सापडला, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. तो वडिलांकडूनही येऊ शकतो. म्हणून घरातल्या आजारांची माहिती देताना आई आणि मावशीइतकीच आत्याचीही नोंद डॉक्टरांना हवी असते.