आइनस्टाईन खरेच गणितात नापास झाला होता?

मुलाला गणितात कमी मार्क पडले की घरातले कुणीतरी हमखास म्हणते, ‘अरे, आइनस्टाईनसुद्धा गणितात नापास झाला होता!’ धीर देण्याचा हेतू चांगला; पण गोष्ट खोटी. १९३५ साली रिप्लेच्या ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ या सदरात ती छापून आली, तेव्हा खुद्द आइनस्टाईननेच ती धुडकावली. पंधरा वर्षांचे होण्याआधीच आपण कॅलक्युलस आत्मसात केले होते, असे त्याने सांगितले.

मग धूर निघाला कुठून? १८९५ साली झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला, हे खरे. पण तेव्हा वय अवघे सोळा, प्रवेशाच्या वयाहून दोन वर्षांनी कमी! शिवाय घोडे अडले ते फ्रेंचसारख्या विषयांत. गणित आणि भौतिकशास्त्रात त्याने छाप पाडली होती. पुढच्याच वर्षी आराऊच्या शाळेतून बाहेर पडताना बीजगणितात ६, भूमितीतही ६. स्वित्झर्लंडमध्ये ६ म्हणजे सर्वोत्तम, जर्मनीत मात्र १ सर्वोत्तम. जर्मन चष्म्यातून ती गुणपत्रिका वाचणाऱ्याचा घोटाळा सहज होऊ शकतो.

फ्रेंचमध्ये मात्र तेव्हाही ३च! तेव्हा घरातल्या चिरंजीवांचे इंग्रजी कच्चे असेल, तर आइनस्टाईनचे नाव खुशाल घ्यावे.