अज्ञात वाहनाच्या धडकेने उभ्या मोटारीचे नुकसान आणि विमा दावा
उभ्या मोटारीला धडक देऊन चालक निघून गेला व त्याचा माग लागला नाही, तर दुरुस्तीची भरपाई भारतात मोटारमालकाच्या स्वतःच्या विमा पॉलिसीवर अवलंबून असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्रीय कायदा असल्याने नाशिक जिल्ह्यातील नामपूर (ता. बागलाण) येथेही हेच लागू होते.

कायदेशीर तरतुदी
कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो वाहनामुळे इतरांच्या झालेल्या हानीपुरता असतो. धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक समजल्यास त्याचा मालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाद मागता येते. अज्ञात वाहनाच्या अपघातात कलम १६१ अन्वये मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई मिळते; मालमत्तेच्या नुकसानीचा त्यात समावेश नाही.

दावा
अशा वेळी सर्वसमावेशक किंवा ‘ओन डॅमेज’ पॉलिसीच उपयोगी पडते. नुकसानीची छायाचित्रे काढावीत, परिसरातील सीसीटीव्ही चित्रण पाहावे, पोलिसांत नोंद करावी आणि विमा कंपनीला त्वरित कळवावे. सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी दुरुस्ती करू नये.

मर्यादा
प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाला सोसावी लागते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी ती १,००० रुपये असते. चूक नसतानाही ‘नो क्लेम बोनस’ सहसा जातो. ही सवलत पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के असते. त्यामुळे किरकोळ दुरुस्ती स्वखर्चाने करणे अनेकदा स्वस्त पडते.