६० किलोचा लढाऊ रोबोट बनवायचाय? आधी हे वाचा, मग घरी पैसे मागा

जाड काचेच्या पिंजऱ्यात दोन यंत्रं एकमेकांवर धावून जातात, ठिणग्या उडतात, एकाचं चाक तुटून छताला लागतं. असले व्हिडिओ आता गावोगावच्या पोरांच्या मोबाईलवर दिसतात. ते बघून इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि आयटीआयला जाणारी आपल्या भागातली पोरं विचारू लागलीत, आपणही असला रोबोट करावा का? जरूर करावा. वेल्डिंग, बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट, पट्टा-पुली हे आपल्या पोरांच्या हातातलं काम आहे, शहरातल्या पोरांना ते नव्यानं शिकावं लागतं. पण पहिलाच रोबोट सर्वात मोठ्या गटातला करू नका. का, ते पुढं वाचा. घरच्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा, कारण पैसे त्यांचे जाणार आहेत आणि शेडही त्यांचीच आहे.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबोट वॉर्स' नावानं स्पर्धा झाली, १९९८ पासून इंग्लंडात बीबीसीवर त्याच नावाचा कार्यक्रम लागला आणि २००० पासून अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' टीव्हीवर आलं. तिथला हेवीवेट म्हणजे २५० पौंडांचा, आपल्या हिशोबानं ११३ किलोच्या आसपास. आपल्याकडे हा खेळ कॉलेजच्या टेक फेस्टिव्हलमधून वाढला. पवईच्या आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट त्यात सर्वात नावाजलेला, तिथं बाहेरच्या देशातल्या टीमही येतात. भारतात साधारण ८, १५, ३० आणि ६० किलो असे गट दिसतात. ६० किलो म्हणजे आपला हेवीवेट. कुस्तीसारखंच आहे, वजन काट्यावर बसलं तरच आखाड्यात प्रवेश. लढत बहुतेक ठिकाणी तीन मिनिटांची. रोबोट हलायचा थांबला की आकडे मोजतात, तेवढ्यात हलला नाही तर हरला. दोन्ही चालू राहिले तर पंच निकाल देतात.

आता मुद्द्याचं. मोठ्या रोबोटला भ्यायचं का?

एक हिशोब करून बघू. ६० किलोच्या रोबोटला पुढं १० किलोचं, दोन फूट लांबीचं पोलादी पातं आडवं फिरतंय असं धरा. मिनिटाला ३००० फेरे. आपल्या ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो आणि त्याच्याजवळ धोतर किंवा ओढणी गेली तर काय होतं हे गावात कुणाला सांगायला नको. या पात्याचं टोक ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास वेगानं पळतं. त्यात साठलेली ताकद म्हणजे युरियाची ४५ किलोची गोणी अकरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकल्यावर जेवढा दणका बसेल तेवढी. वेग दुप्पट केला तर दणका दुप्पट नाही, चौपट होतो. हे पातं सुटलं किंवा त्याचा तुकडा उडाला तर शेडचा पत्रा त्याला अडवत नाही. म्हणून तर स्पर्धेत जाड पॉलिकार्बोनेटच्या भिंती आणि वर छत असतं.

आणि गावात काय होतं? 'रोबोट चालू करतोय' म्हटलं की वाड्यातली पंधरा पोरं गोळा होतात, चार जण मोबाईल घेऊन रील काढायला पुढं वाकतात. त्यामुळं एक गोष्ट कडक पाळा. घरी, अंगणात, शेडमध्ये फक्त रोबोट चालवून बघायचा, पातं काढून ठेवून. पातं पूर्ण वेगानं फिरवायचं ते कॉलेजच्या किंवा स्पर्धेच्या बंद पिंजऱ्यातच. 'थोडंसंच फिरवून बघू' असं काही नसतं. पातं बसवलेलं असेल तेव्हा त्यात आडवी लोखंडी पिन घालून ते लॉक करायचं आणि रोबोट आखाड्यात ठेवल्यावरच पिन काढायची. स्पर्धेतही हे नियम असतात, न पाळणाऱ्याला बाहेर काढतात, आणि ते बरोबरच आहे.

बनवताना उलट क्रमानं विचार करा

नवखी पोरं आधी हत्यार ठरवतात, मग उरलेल्या वजनात आणि पैशात चाकं बसवतात. हारण्याचा हा सरळ रस्ता आहे. जो रोबोट पळतो, वळतो आणि उलटा पडला तरी चालतो, तो साध्या पाचरीच्या जोरावरही लढती काढतो. ज्याचं हत्यार भारी पण चाक जाम, तो जागेवर मार खातो. आधी चाकं, मग सांगाडा, शेवटी हत्यार.

वजनाचा ढोबळ हिशोब असा धरा: चाकं आणि त्यांच्या मोटारींना तिसरा हिस्सा, हत्यार आणि त्याच्या मोटारीला तिसरा हिस्सा किंवा थोडं कमी, बाकीच्यात सांगाडा, चिलखत, बॅटरी आणि वायरिंग. ६० किलोत हत्याराला १८-२० किलो येतात. कागदावर मात्र ५७-५८ किलोच भरवा. नट-बोल्ट, वायर आणि वेल्डिंगचं वजन कुणी धरत नाही, पण काटा धरतो. प्रत्येक भाग बनला की लगेच वजन करा. स्पर्धेच्या आदल्या रात्री ग्राइंडरनं चिलखत कापत बसलेल्या टीम दर वर्षी असतात.

वेगाचं गणित सोपं आहे. १५ सेंटीमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात ४७ सेंटीमीटर जातं. मिनिटाला ५०० फेरे फिरलं तर ताशी १४ किलोमीटर. नवख्याला एवढा वेग पुष्कळ झाला, आखाडा काही क्रिकेटचं मैदान नाही. चार चाकं ठेवा, प्रत्येक बाजूची दोन चाकं चेननं जोडा, म्हणजे एक मोटार गेली तरी... नाही, एक मोटार गेली तर ती बाजू गेलीच. म्हणून जमलं तर चारही चाकांना वेगळी मोटार द्या. चाकं सांगाड्याच्या वर-खाली दोन्हीकडं थोडी बाहेर यावीत, म्हणजे उलटं पडल्यावरही पळता येतं.

लोखंडाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथं आपल्या पोरांचा हात चालतो आणि तिथंच चूकही होते. सांगाड्याला साधं माइल्ड स्टील चालतं. ते वाकतं, पण तुटत नाही, आणि गावातला वेल्डरही ते जोडू शकतो. चिलखताला हार्डॉक्ससारखं झीज न होणारं पोलाद चांगलं, पण ते घेताना कापून घ्या, साध्या ड्रिलनं त्याला भोक पडता पडत नाही. आता पात्याचं. ट्रकच्या कमानीचा पाटा कडक असतो म्हणून त्याचंच पातं करायचं पुष्कळांच्या डोक्यात येतं. कमानीचं पोलाद वेल्डिंगनं तापलं आणि भराभर थंड झालं की जोडाच्या कडेला काचेसारखं ठिसूळ होतं. शेतात नांगराचा फाळ तुटला तर दिवस वाया जातो, इथं ३००० फेऱ्यांवर तुटलं तर तुकडा कुणाच्या तरी अंगावर जातो. जुन्या, कुठं किती वाकला माहीत नसलेल्या पाट्याचं पातं करू नका. पात्यासाठी नवीन, माहितीचं पोलाद घ्या, ओळखीच्या वर्कशॉपमधून हीट ट्रीटमेंट करून घ्या आणि त्याला कुठंही वेल्डिंग करू नका, नट-बोल्टनं बसवा. पात्याचं दोन्ही बाजूंचं वजनही सारखं पाहिजे, नाहीतर रोबोट आपोआप आखाड्यात नाचत सुटतो.

मोटारीवरून पात्यावर ताकद न्यायला पट्टा वापरा. कडबाकुट्टीत जाड खोड अडकलं की पट्टा सटकतो आणि मोटार जळायची वाचते. तोच फायदा इथं. पातं समोरच्याच्या पोलादावर आपटतं तेव्हा क्षणात थांबतं, मोटार थेट जोडलेली असेल तर गिअर किंवा शाफ्ट मोडतो.

उभं फिरणारं चक्र लावायचं असेल तर आणखी एक भानगड आहे. चालू ग्राइंडर हातात धरून एकदम वळवलात तर तो मनगट पिळतो, हे अनुभवलं असेल. तसंच उभं चक्र जोरात फिरत असताना रोबोट झटक्यात वळला की त्याची एक बाजू उचलली जाते. त्याला उपाय म्हणजे चाकांमधलं अंतर रुंद ठेवणं आणि वळताना सबुरी. नवख्यानं तर पहिल्यांदा पाचर किंवा उचलणारा हातच करावा असं माझं मत आहे. बघायला कमी मजा, पण लढत शेवटपर्यंत जाते आणि रोबोट चालवायला शिकायला मिळतं.

बॅटरी: घराजवळ नको

पूर्वी कॉलेजच्या स्पर्धांत वायरनं चालवलेले रोबोट दिसायचे. आता रिमोट आणि लिथियम पॉलिमर बॅटरी, पोरं तिला लिपो म्हणतात. हलकी आणि ताकदीची, म्हणूनच धोक्याची. हिच्या एका सेलचा व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. ४.२ च्या वर नेऊ नका आणि ३ च्या खाली उतरू देऊ नका. मोबाईलचा किंवा इन्व्हर्टरचा चार्जर हिला चालत नाही, प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जरच लागतो. ५००० एमएएचची, ३० सी लिहिलेली बॅटरी १५० अँपिअर करंट देऊ शकते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पाना आडवा पडल्यावर काय होतं ते आठवा. काम करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

लिपोला मार बसला, ती टोचली किंवा जास्त भरली तर पेटते. तिचा धूर विषारी असतो. म्हणून चार्जिंग घरात नाही, गोठ्यात नाही, कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच नाही. उघड्यावर, विटांवर ठेवून, जवळ कोरड्या वाळूची बादली आणि समोर बसलेला जागा माणूस. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, दिसायला बरी असली तरी. लढत झाल्यावर बॅटरी बाहेर काढून थोडा वेळ मोकळ्या जागी नजरेसमोर ठेवायची. आखाड्यात मार खाल्लेली बॅटरी नंतरही पेटू शकते.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा घ्या आणि त्यात फेलसेफ नीट लावा. म्हणजे रिमोट बंद पडला किंवा सिग्नल तुटला तर चाकं आणि पातं आपोआप थांबली पाहिजेत. स्पर्धेत हे तपासतात. घरी तपासताना रोबोट विटांवर उचलून ठेवा, चाकं अधांतरी, पातं काढलेलं. चाकं फिरवा आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली नाहीत तर रोबोट खाली ठेवूच नका. बॅटरीची लाइन तोडणारा स्विच किंवा काढता येणारा प्लग बाहेरून सहज हात पोहोचेल असा, आणि पात्याच्या विरुद्ध बाजूला बसवा.

रोबोट मरतो तो बहुतेक वेळा मोठ्या घावानं नाही, सुटलेल्या वायरनं. दणक्यानं सोल्डर तुटतं, प्लग निसटतो, नट ढिला होतो. कंट्रोलर आणि रिसीव्हर रबरावर किंवा फोमवर बसवा, वायरी जागोजागी बांधा, नायलॉन लॉकचे नट वापरा.

पैशाचा विषय

६० किलोचा चांगला रोबोट लाखात जातो, हे आधीच घरी सांगा. एक मोटार जळाली तर पुढची लढत बंद, म्हणून चाकाची एक मोटार, एक कंट्रोलर आणि एक बॅटरी जास्तीची लागतेच. प्रवास, राहणं आणि टेम्पोचं भाडं वेगळं. चार-सहा जणांनी मिळून करा, कॉलेजकडून आणि गावातल्या दुकानदारांकडून स्पॉन्सर मागा, चिलखतावर त्यांचं नाव टाका. पीककर्जाचे पैसे यात घालू नका. हरलेला रोबोट भंगाराच्या भावानं जातो आणि बँकेचा हप्ता तर भरावाच लागतो.

म्हणूनच म्हणतो, पहिलं वर्ष ८ किलोच्या गटात घाला. खर्च कमी, बनवायला सोपा, मोडला तर रडायला येत नाही. बॅटरी, रिमोट, फेलसेफ, वजन, दुरुस्ती हे सगळे धडे तिथंही तेच असतात. मात्र पातं ८ किलोच्या रोबोटचंही बोट तोडतं, वरचे नियम त्यालाही लागू. एक-दोन स्पर्धा खेळल्यावर त्याच टीमनं १५, मग ३०, मग ६०.

स्पर्धा ठरली की त्या वर्षीचं नियमपत्रक आधी डाउनलोड करा, मागच्या वर्षीच्या भरवशावर राहू नका. वजन, व्होल्टेजची मर्यादा आणि बॅटरीचे नियम बदलतात. जाळी, द्रव, स्फोटक आणि दुसऱ्याच्या रिमोटमध्ये अडथळा आणणारी साधनं बहुतेक ठिकाणी बंद असतात. रोबोट महिनाभर आधी तयार पाहिजे, म्हणजे चालवायचा सराव होतो. खळ्यावर चार टायर ठेवा आणि पातं काढलेला रोबोट त्यांच्यामधून रोज अर्धा तास फिरवा. आखाड्यात रोबोट तुमच्याकडं तोंड करून येतो तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, तिथंच नवख्याचा हात गोंधळतो.

टेम्पोत नेताना पातं उतरवून पोत्यात बांधा, बॅटऱ्या सेलमागं ३.८ व्होल्टवर आणून वेगळ्या लोखंडी पेटीत ठेवा, आणि ती पेटी कुणाच्या पायाशी ठेवू नका.