फोनच्या पाठीवरचा उजेड

वर्गात बसल्यावर बाकांवर एक नजर टाका. निम्मे फोन उपडे पडलेले असतात. म्हणजे दिवसातला बराच वेळ आपण फोनचा चेहरा बघतच नाही, त्याची पाठ बघतो, तीही समोरच्याच्या फोनची. कंपन्यांना हे फार आधी कळलंय, म्हणून नाव असो, चिन्ह असो, ते पाठीवरच असतं. आता ते चिन्ह नुसतं छापायचं की पेटवायचं? आणि पेटवायचं ठरलं, तर जेमतेम आठ मिलिमीटर जाडीच्या वस्तूत, जिथे बॅटरी, कॅमेरे, चार्जिंगची कॉइल आणि अँटेना आधीच दाटीवाटीने बसलेत, तिथे दिवा ठेवायचा कुठे?

मी साहित्याची विद्यार्थिनी, मला या सर्किटच्या भानगडीत कोणी ओढलं, असं तुम्ही विचाराल. पण लोगो हे शेवटी अक्षरच असतं. आणि उजेडात अक्षराचं काय होतं, हा प्रश्न आपल्या लिपीला जरा जास्तच छळणारा आहे. त्याकडे येतेच. आधी दिव्याचं बघू.

दिवाळीचा आकाशकंदील आठवा, किंवा नाताळात आम्ही दारात टांगतो तो कागदी तारा. आत एक साधा बल्ब, बाहेर पातळ कागद. कागद सगळीकडे जवळजवळ सारखा उजळतो, कारण बल्ब आणि कागद यांच्यात वीतभर अंतर असतं, प्रकाशाला पसरायला जागा मिळते. आता एक छोटा एलईडी त्याच कागदाला अगदी चिकटवून धरा. मधोमध डोळ्यात खुपणारा पांढरा ठिपका आणि आजूबाजूला अंधार. पातळ लोगोची सगळी अडचण ही एवढीच आहे. कंदिलाला वीतभर जागा मिळते, फोनच्या पाठीत अर्धा मिलिमीटर मिळाला तरी नशीब.

यावरचा उपाय सुंदर आहे: दिवा मागे ठेवायचाच नाही, कडेला ठेवायचा. अ‍ॅक्रिलिकसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी घ्यायची, तिला लाइट गाइड म्हणतात. तिच्या कडेतून एलईडीचा प्रकाश आत सोडायचा. विहिरीत बुडी मारून तिरकं वर बघितलंय कधी? पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा दिसतो. पट्टीतही तेच घडतं. अ‍ॅक्रिलिकमधून हवेकडे निघालेला किरण पृष्ठभागाच्या लंबाशी साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल, तर तो बाहेर पडूच शकत नाही, परत आत वळतो. असा वर-खाली आपटत तो दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

पण आपल्याला तर तो बाहेर हवाय! म्हणून पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक टिंबं छापतात किंवा कोरतात. किरण टिंबावर आपटला की त्याची दिशा बिघडते आणि तो वर निसटतो. खरी कारागिरी या टिंबांच्या वाटपात आहे. पंगतीत वाढप्याने पहिल्या चार पानांवरच हात सैल सोडला, तर शेवटच्या पानाला काही उरत नाही. तसंच इथे. एलईडीजवळ टिंबं विरळ ठेवायची आणि दूर जाऊ तशी दाट करत न्यायची, म्हणजे शेवटपर्यंत उजेड सारखा पोचतो. मग खाली पांढरा परावर्तक कागद, वर उजेड पसरवणारा दुधी पापुद्रा, त्याच्यावर काळा मास्क, ज्यात लोगोचा आकार तेवढा मोकळा, आणि सगळ्यात वर फोनची काच. हा सगळा थर एका मिलिमीटरच्या आत बसवायचा.

हे काही नवीन शास्त्र नाही. एलसीडी पडद्यांच्या मागे हीच व्यवस्था असते. अ‍ॅपलच्या जुन्या लॅपटॉपवरचं उजळणारं सफरचंद तर वेगळा दिवा वापरतच नव्हतं. पडद्यामागचा जो उजेड होता, तोच झाकणाला पाडलेल्या खिडकीतून मागच्या बाजूला दिसायचा. उसना उजेड! त्याची किंमतही होती. कडक ऊन लॅपटॉपच्या पाठीवर पडलं की काही वेळा पडद्यावर मधोमध सफरचंदाचा फिकट डाग दिसायचा, कारण खिडकी दोन्ही बाजूंनी उघडीच. पुढे पडदे इतके पातळ झाले की खिडकी परवडेना. २०१५ च्या १२ इंची मॅकबुकवर सफरचंद चकचकीत होतं, पण विझलेलं.

फोनवरच्या उजेडाचा आपल्याकडचा इतिहास मात्र लॅपटॉपवरून येत नाही, तो स्टिकरवरून येतो. आई-बाबांच्या जुन्या बटणांच्या फोनच्या मागे चिकटवलेलं ते स्टिकर त्यांना विचारा. फोन यायच्या क्षणभर आधीच ते लुकलुकायला लागायचं. त्यात ना बॅटरी, ना वायर. मग पेटायचं कसं? जीएसएम फोन बोलताना सलग प्रसारण करत नसे, सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्याने करायचा, आणि ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्या तुकड्याची ताकद २ वॉटपर्यंत जायची. (रेडिओजवळ फोन ठेवला की टिर्र-टिर्र आवाज यायचा, तो हाच.) स्टिकरमधली तारेची वेटोळी ही ऊर्जा पकडायची आणि एलईडी पेटवायची. पुढच्या फोरजी फोनचं प्रसारण जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास, म्हणजे दहापट मवाळ. स्टिकर बिचारी अंधारात गेली. मला तरी ही युक्ती आजच्या कुठल्याही महागड्या फोनपेक्षा जास्त हुशार वाटते.

त्यानंतर आयफोन ४ च्या काळात काचेची पाठ बदलून उजळणारं सफरचंद बसवायचे किट निघाले. त्यांची वायरही पडद्याच्या बॅकलाइटला जोडायची, म्हणजे पुन्हा उसना उजेड. तुमच्यापैकी कोणाच्या मनात असं काही करून घ्यायचं असेल तर एवढंच सांगते: आजच्या फोनची पाठ गोंदाने सीलबंद असते. ती एकदा उघडली की पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहील असं समजू नका, आणि बॅटरीला चिकटून जाणारी बारीक वायर ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

कंपन्यांनी स्वतः हे केलं ते आधी गेम खेळणाऱ्यांसाठी. २०१८ मध्ये असूसचा आरओजी फोन आणि रेझर फोन २ आले, दोघांच्याही पाठीवर रंग बदलणारा लोगो. मग जुलै २०२२ मध्ये लंडनच्या नथिंग कंपनीने फोन (१) काढला. त्यात नाव उजळत नाही, पारदर्शक पाठीखाली पट्ट्यांचे आकार उजळतात, आणि त्यासाठी ९०० च्या वर एलईडी. भारतात विकले गेलेले हे फोन तमिळनाडूत जोडले गेले. २०२५ च्या फोन (३) मध्ये पट्ट्या गेल्या आणि कोपऱ्यात ४८९ बारीक एलईडींचं गोल चकतीसारखं जाळं आलं, ज्यावर आकडे आणि चित्रंही उमटतात.

आता कंपनीचं नावच ‘काहीच नाही’. आणि शून्याचा विषय निघाल्यावर ग्वाल्हेरकराला गप्प बसता येत नाही.

किल्ल्याच्या चढावर, एकाच खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवळासाठी १८७ गुणिले २७० हात बाग दिली आणि रोज ५० हार द्यायचे, असा त्यात हिशेब आहे. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच आहे, फक्त जरा लहान. जगातलं सर्वात जुनं शून्य म्हणून आपण छाती फुगवतो तेवढं मात्र खरं नाही. कंबोडियातल्या एका शिलालेखात ६८३ सालचं शून्य आहे, पण ते नुसतं टिंब आहे. आपलं कडं आहे.

समजा हे ग्वाल्हेरचं शून्य फोनच्या पाठीवर पेटवायचंय. व्यास १० मिलिमीटर, रेघ १ मिलिमीटर. सगळ्यात सोपा लोगो वाटतो ना? कड्याचा घेर होतो सुमारे ३१ मिलिमीटर. एकच एलईडी लावला तर त्याच्याजवळ लख्ख आणि समोरच्या बाजूला मंद, म्हणून समोरासमोर दोन तरी हवेत, आणि टिंबांचं वाटप त्या हिशेबाने. हेच शून्य धातूच्या पत्र्यात कापायचं म्हटलं तर मधली चकती गळून पडते, रांगोळीच्या छापात मधल्या फुलाला काड्यांचा आधार ठेवावा लागतो तसं. काचेवर मास्क छापलेला असतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. शिवाय धातू रेडिओलहरी अडवतो. त्यामुळे लोगोला चंदेरी झळाळी द्यायची तरी वीज न वाहून नेणारा इतका विरळ मुलामा देतात, की खालच्या अँटेनाला त्रास होत नाही.

आणि मग येतो उजेडाचा स्वभाव. अंधारातली उजळ रेघ आपल्या डोळ्यांना आहे त्यापेक्षा जाड दिसते. त्यात दुधी पापुद्र्यातून थोडा प्रकाश कडेने झिरपतोच. कड्याच्या मधला काळा भाग हळूहळू करडा होतो. एलईडी फार जोरात पेटवला, तर ग्वाल्हेरचं शून्य कंबोडियाचं होईल!

शून्याची ही गत, तर देवनागरीचं काय? अमेरिकेत रस्त्यावरच्या पाट्यांसाठी क्लिअरव्ह्यू नावाचा टाइप तयार केला, तो याच कारणासाठी: गाडीच्या दिव्यात पाटी चमकली की ‘e’ला ‘इ’ न म्हणता भलतंच काही वाचलं जाऊ नये म्हणून रोमन अक्षरांची पोटं मोकळी केली. आपल्या अक्षरांना पोटं आहेतच, वर शिरोरेषेतल्या फटीही आहेत. ‘भ’ आणि ‘म’ मध्ये फरक केवढा? डावीकडची एक गाठ आणि वरच्या रेघेतली फट. ती फट उजेडाने भरली की भाऊचा माऊ होतो. ‘ध’ आणि ‘घ’ यांचंही तेच. ‘ग्वाल्हेर’ हा शब्द २० मिलिमीटरमध्ये उजळवायचा तर दोन जोडाक्षरं, एक काना, एक मात्रा, आणि प्रत्येक रेघेच्या वाट्याला मिलिमीटरचा अंश. म्हणून पेटणाऱ्या अक्षराची रेघ छापील अक्षरापेक्षा बारीक कापावी लागते, फटी मुद्दाम रुंद ठेवाव्या लागतात. छापायचा फॉन्ट तसाच उचलून चालत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: शिरोरेषा. ती शब्दभर सलग जाते, म्हणजे लाइट गाइडला हवी तशी सरळ वाट आयतीच मिळते. तिथून उजेड खाली अक्षरांत उतरवता येईल. असं देवनागरी चिन्ह फोनवर मी पाहिलेलं नाही. कोणीतरी करावं असं फार वाटतं, कारण लिपी जिथे वापरलीच जात नाही, तिथे तिच्या अडचणीही कोणी सोडवत नाही.

बॅटरीचं म्हणाल तर ती एवढी घाबरण्यासारखी गोष्ट नाही. दहा एलईडी, प्रत्येकी ५ मिलिअँपिअर, म्हणजे ५०. बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची असेल तर तासाला एक टक्का. रात्रभर पेटता ठेवला तर आठ टक्के जातील, पण रात्रभर कोणासाठी पेटवायचा?

हाच खरा मुद्दा. नुसतं नाव उजळत राहणं म्हणजे आपण पैसे देऊन विकत घेतलेल्या वस्तूवर आपल्याच बॅटरीने कंपनीची जाहिरात करणं. त्यात मला रस नाही. पण उजेड काही सांगत असेल तर गोष्ट वेगळी. ज्याला ऐकू येत नाही किंवा कमी येतं, त्याच्यासाठी रिंगटोन निरुपयोगी आहे. फोन आला की कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकवायची सोय आहे, पण तो फ्लॅश अख्ख्या खोलीच्या डोळ्यांवर येतो. पाठीवरचा मऊ उजेड फक्त फोनच्या धन्याला कळतो. नथिंगच्या फोनमध्ये फोन उपडा ठेवला की आवाज बंद होऊन फक्त दिवे बोलतात, ही सोय मला सगळ्यात पटते. लुकलुकण्याचा वेग तेवढा जपायला हवा: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा प्रकाश काही लोकांना फिट आणू शकतो, म्हणून वेबसाइटच्या सुलभतेच्या नियमांतही ही मर्यादा आहे. आमच्या चर्चमध्ये वेदीजवळ एक लाल दिवा असतो. तो लुकलुकत नाही, नुसता तेवत असतो, आणि बघणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. फोनच्या दिव्यालाही एवढा संयम जमायला हरकत नाही.

करून बघायचं असेल तर फोनला हात न लावता करता येतं. दोन मिलिमीटर जाडीचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, एक पांढरा एलईडी आणि ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल. एलईडी तुकड्याच्या कडेला टेकवा, मागे पांढरा कागद, पुढे ट्रेसिंग पेपर, त्यावर काळ्या कार्डशीटमध्ये कापलेलं तुमच्या नावाचं पहिलं अक्षर. तुकड्याच्या मागच्या बाजूला सुईने टिंबं द्या. पहिल्या वेळी एलईडीकडची बाजू जास्त उजळेल. मग पलीकडे आणखी टिंबं द्या, आणि पुन्हा अंधारात नेऊन बघा. नाव ‘भ’ पासून सुरू होत असेल तर ती फट दुप्पट रुंद कापा.