बोराकाय बेट : पुळण, जलक्रीडा आणि धारणक्षमता

प्रस्तावना :

उष्ण कटिबंधातील अनेक लहान बेटांच्या अर्थव्यवस्थेचा मुख्य आधार पर्यटन हा आहे. फिलिपाईन्सच्या आक्लान प्रांतातील, सुमारे १० चौ. कि.मी. क्षेत्रफळाचे बोराकाय बेट हे त्याचे ठळक उदाहरण होय. २०१७ मध्ये सुमारे २० लाख पर्यटकांनी या बेटाला भेट दिली आणि पुढच्याच वर्षी शासनाला ते सहा महिने बंद ठेवावे लागले. पुळण व जलक्रीडा कोणत्या नैसर्गिक घटकांवर अवलंबून असतात आणि त्यांच्या हानीचा भार कोणावर पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वारे आणि जलक्रीडा :

बेटाचा मध्यभाग चिंचोळा आहे. त्याच्या पश्चिमेस सुमारे ४ कि.मी. लांबीची ‘व्हाईट बीच’ ही पुळण असून पूर्वेस बुलाबोगचा किनारा आहे. साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात ‘आमिहान’ हे ईशान्य मोसमी वारे वाहतात. तेव्हा आडोशामुळे पश्चिमेचा समुद्र शांत राहतो व तेथे पोहणे आणि ‘पाराव’ या उलांडीच्या शिडाच्या होडीतून विहार करणे सोयीचे ठरते. बुलाबोगला याच वाऱ्यांचा लाभ काईटबोर्डिंग व विंडसर्फिंग यांना मिळतो. प्रवाळभित्तीमुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात. जून ते ऑक्टोबरमध्ये ‘हाबागात’ हे नैर्ऋत्य वारे सुरू होताच ही स्थिती उलट होते.

वाळू, प्रवाळ आणि सांडपाणी :

व्हाईट बीचची पांढरी वाळू ही मुख्यतः प्रवाळ व शंखशिंपल्यांचा चुरा आहे. म्हणजेच प्रवाळभित्ती वाळूचा पुरवठा करते आणि लाटांपासून तिचे रक्षणही करते. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसमुळे शेवाळाची वाढ होते, प्रवाळांना मिळणारा प्रकाश कमी होतो आणि कालांतराने पुळणीचीच झीज संभवते. बोराकाय येथे पावसाच्या पाण्यासाठी असलेल्या गटारांना अनेक आस्थापनांनी सांडपाण्याच्या नळ्या बेकायदेशीरपणे जोडल्या होत्या. किनाऱ्यालगतच्या राखीव पट्ट्यातही बांधकामे झाली होती.

बंदी आणि धारणक्षमता :

२६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने बेट पर्यटकांसाठी बंद करण्यात आले. या काळात अतिक्रमणे हटविण्यात आली. ५० व त्याहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांना स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र बंधनकारक झाले. बेट पुन्हा खुले झाले तेव्हा आरंभी पोहण्याखेरीज इतर जलक्रीडांना परवानगी नव्हती. एका वेळी १९,२१५ पर्यटक व दररोज ६,४०५ नवे आगमन, अशी मर्यादा ठरली. सरासरी तीन दिवसांचा मुक्काम गृहीत धरल्यास या दोन आकड्यांची संगती लागते. रहिवासी व कामगार धरून बेटाची एकूण धारणक्षमता ५४,९४५ व्यक्ती इतकी मानली गेली.

बंदीचा फटका मात्र सर्वांना सारखा बसला नाही. मोठ्या भांडवलाच्या हॉटेलांना सहा महिने तग धरणे तुलनेने शक्य होते. होडीवाले, जलक्रीडा प्रशिक्षक, फेरीवाले व हॉटेल कर्मचारी अशा हजारोंचा रोजगार मात्र एकाएकी थांबला. प्रदूषणात ज्यांचा वाटा अल्प, त्यांच्यावरच त्याचा मोठा भार पडला.

निष्कर्ष :

स्वच्छ पाणी, जिवंत प्रवाळ व मोकळी पुळण हेच बेटावरील पर्यटनाचे मूळ भांडवल आहे. धारणक्षमतेचा आकडा निश्चित करणे ही केवळ पहिली पायरी होय. २०२२ च्या पवित्र सप्ताहात बोराकायची मर्यादा ओलांडली गेली, यावरून अंमलबजावणीचे महत्त्व स्पष्ट होते. मर्यादा वेळीच पाळली तर बंदीची वेळ येत नाही आणि हातावर पोट असलेल्यांना इतरांच्या चुकीची किंमतही मोजावी लागत नाही.