‘पुण्य पाप’ आणि समीक्षकांची अपेक्षा

रॅप म्हणजे तालावरची बडबड, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज आहे. वस्तुतः त्यात यमक, श्वासाचा हिशेब आणि ठेक्याच्या किंचित आगेमागे शब्द टाकण्याची कसरत असते. शाहिरी ऐकलेल्या कानाला ती अगदीच परकी वाटू नये. तेव्हा रॅपरच्या अल्बमकडे काव्यसंग्रहाच्या गांभीर्याने पाहावयास हरकत नाही.

डिव्हाइन ऊर्फ विवियन फर्नांडिस हा अंधेरीचा. ‘ये मेरा बॉम्बे’ (२०१३) आणि नेझीबरोबरचे ‘मेरे गली में’ (२०१५) यांनी तो गाजला. २०१९ चा ‘गली बॉय’ हा चित्रपट या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरला. त्याच वर्षी डिव्हाइनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ आला आणि डिसेंबर २०२० मध्ये दुसरा, ‘पुण्य पाप’. या दुसऱ्याविषयी रसिकांत दोन तट पडले.

‘३:५९ एएम’ या गीताला मोठी दाद मिळाली. त्यात माणूस रात्री स्वतःचीच झडती घेतो. ‘मिर्ची’ मात्र सरळसरळ नाचाचे गाणे. गल्लीचा आवाज बाजारात गेला, ही तक्रार मुख्यतः अशाच गाण्यांमुळे झाली. यावर चाहत्यांचा बचाव असा, की नावातच पुण्य आणि पाप असल्यावर दोन्ही रंग येणारच. मला हा बचाव लंगडा वाटतो. एकाच मनातला झगडा दाखवणे वेगळे आणि दोन गिऱ्हाइकांसाठी दोन प्रकारचा माल मांडणे वेगळे. ‘३:५९ एएम’मध्ये झगडा आहे, ‘मिर्ची’त फक्त ठेका आहे, आणि तो (खरे सांगायचे तर) झकास आहे!

परंतु तक्रारीचा दुसरा भाग मला खटकतो. वस्तीतून वर आलेल्याने जन्मभर वस्तीचेच दुःख गावे, असा आग्रह त्यात दडलेला असतो. ग्रामीण लेखकाने शहरावर लिहिले की त्याचे ‘अस्सलपण’ हरवले म्हणणारे समीक्षक मराठीतही आहेतच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. चांदीपहून विरार स्टेशन गाठणाऱ्या माझ्यासारख्याने निबंधात केवळ चिखल आणि गर्दीच लिहावी काय? गाणे कच्चे असेल तर कच्चे म्हणावे. पण ते ठरवताना गायकाच्या खिशात आता किती पैसे आहेत, हे तपासण्याचे कारण नाही. ‘मिर्ची’ उणे पडते ते तिच्या शब्दांत, आणि ते शब्द पुन्हा ऐकूनच दाखवता येते.